घर सोडा म्हणायला कारण लागते का?

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, पण भाडेकरूच्या दृष्टीने ते पुढची चाळीस वर्षे तीन वेगवेगळी राज्येच होती. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर या जुन्या मुंबई इलाख्यातल्या शहरांत १९४७ चा मुंबई भाडे कायदा चालत असे. नागपूर, अमरावती, अकोल्याला मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. औरंगाबाद, नांदेड, परभणीत हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेला १९५४ चा कायदा होता. मंत्रिमंडळ एक, विधानसभा एक, उच्च न्यायालय एक, आणि तरीही घरमालकाने 'घर सोडा' म्हटल्यावर भाडेकरूने कुठे धाव घ्यायची, याची उत्तरे तीन. पुण्यात मालकाला थेट न्यायालयात दावा लावावा लागे आणि तिथे कायद्यात लिहिलेले एखादे कारण सिद्ध करावे लागे. नागपुरात त्याच्याही आधी एक पायरी होती. भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्यासाठीच मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे, ती मिळाल्यावर नोटीस आणि मग दिवाणी दावा. शिवाय घर रिकामे झाले की ते सरकारला कळवणे बंधनकारक होते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना किंवा सरकारी नोकरांना ते घर वाटून देण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे होता. मराठवाड्यात प्रकरण न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रकापुढे चाले, म्हणजे महसुली अधिकारीच निवाडा करी. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला तेव्हा कुठे हे तिन्ही कायदे जाऊन सगळ्या राज्याला एक कायदा मिळाला.

सगळ्या राज्याला म्हटले, तेही पुरते खरे नाही. हा अधिनियम आपल्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांपुरता, म्हणजे मुख्यतः शहरांपुरता आणि मोठ्या गावांपुरता आहे. त्या यादीबाहेरच्या गावात घर भाड्याने घेणाऱ्याला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाच लागू होतो, आणि त्यात महिन्याच्या बोलीवरचे भाडे संपवायला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. कारण द्यावे लागत नाही. छावणी क्षेत्राची तऱ्हा आणखी निराळी. राज्यघटनेने छावणीतल्या घरांचे भाडे आणि ताबा हा विषय केंद्राच्या सूचीत घातला आहे. त्यामुळे पुणे कॅम्प, खडकी, देवळाली किंवा कामठी इथे राज्याचा भाडे कायदा आपोआप लागू होत नाही. संसदेच्या १९५७ च्या एका कायद्याखाली केंद्राने अधिसूचना काढून तो तिथे लागू करायचा असतो. पुण्यात महापालिकेची हद्द संपून कॅम्प सुरू होतो तिथे रस्ता तोच राहतो, कायदा करण्याचा अधिकार मात्र मुंबईहून दिल्लीला जातो. बाकी देशात घरभाड्याचे कायदे व्यवहारात राज्यांनीच केले. केंद्राच्या जुन्या मालमत्ता कायद्याशी विरोध येतो तिथे राष्ट्रपतींची संमती घ्यायची, एवढीच अट. त्यामुळे भारतात 'भाडेकरूचे हक्क काय' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या राज्यात, कोणत्या हद्दीत, कोणत्या साली घेतलेले घर, महिन्याला किती भाडे आणि कोणत्या नावाचा कागद, एवढे विचारल्याशिवाय वकीलही तोंड उघडत नाही.

ही विविधता पाहून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते की अमुक राज्य भाडेकरूच्या बाजूचे आणि तमुक मालकाच्या. मला ही विभागणी फसवी वाटते. घरभाड्याच्या कायद्यात मुळात दोन स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला, भाडे किती घ्यायचे आणि ते किती वाढवायचे. दुसरा, भाडेकरू नियमित भाडे भरतो आहे, घर नीट ठेवतो आहे, तरीही मालक त्याला काही कारण न देता बाहेर काढू शकतो का. पहिला प्रश्न पैशाचा आहे. दुसरा माणसाच्या बिऱ्हाडाचा आहे; मुलांची शाळा, रेशनकार्डावरचा पत्ता, मतदारयादीतले नाव, म्हाताऱ्या आईचा दवाखाना हे सगळे त्याला चिकटलेले असते. भारतातल्या जुन्या कायद्यांनी या दोन प्रश्नांची एकच गाठ मारली. पुढे त्या गाठीचा जाच असह्य झाला तेव्हा राज्यांनी ती सोडवली नाही, वेगवेगळ्या ठिकाणी कापली. आज प्रदेशाप्रदेशांत जो फरक दिसतो तो मुख्यतः गाठ कुठे कापली याचा फरक आहे, आणि कापताना जवळजवळ सगळीकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाडेकरूच्या हातून निसटले.

गाठ मारली कशी, हे पाहायला मुंबईच सोयीची. पहिल्या महायुद्धात शहरात माणसांची दाटी झाली, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये मुंबईत युद्धकाळापुरता म्हणून भाडे निर्बंधाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले. मग १९४७ चा कायदा आला आणि त्याने 'प्रमाण भाडे' ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार धरली. त्या दिवशी जे भाडे होते तेच योग्य भाडे. सोबत दुसरे संरक्षणही दिले : प्रमाण भाडे भरणाऱ्याला ठरावीक कारणांशिवाय काढता येणार नाही. थकबाकी, घराची नासधूस, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःची खरीखुरी गरज, अशी ती कारणे. मालकाची गरज खरी असली तरी न्यायालयाने दोघांच्या अडचणींचे वजन करायचे. भाडेकरूची अडचण जास्त ठरली तर ताबा नाही. हे दुसरे संरक्षण शहाणपणाचे होते. पण १९४० चे भाडे त्याच्या पायात अडकवलेले असल्यामुळे दरवर्षी मालकाचे नुकसान वाढत गेले आणि भाडेकरूला काढण्याची त्याची निकडही वाढत गेली. मुळात मुदतीचा असलेला हा कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत अर्धे शतक जगला. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. मुदत संपतच आली होती म्हणून न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत, नवा कायदा करताना न्याय्य तोल साधण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

गोठलेल्या भाड्याने काय केले ते दक्षिण मुंबईत, गिरगावात, परळ-लालबागला आजही डोळ्यांनी पाहता येते. भाड्यातून इमारतीचा रंगसुद्धा निघत नव्हता, मग मालकाने दुरुस्ती सोडली. जिने टेकूवर आले. सरकारला १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. तेव्हा १९,६४२ इमारती त्या यादीत आल्या. घराची खरी किंमत भाड्यात मावेना, तेव्हा ती पागडीच्या रूपाने बाहेर पडली. भाडेकरू खोली सोडताना नव्या माणसाकडून मोठी रक्कम घेई, त्यातला बरेचदा तिसरा हिस्सा मालकाला जाई आणि भाडेपावती नव्या नावाने फाटे. पावतीवर भाडे पन्नास रुपये, खाली हातोहात गेलेले लाख. जुन्या कायद्यात हा गुन्हा होता, तरी सगळे शहर तो करीत होते. १९९९ च्या अधिनियमाने शेवटी ही देवघेव कायदेशीर केली. भाड्याबाबत मात्र नव्या कायद्यानेही फारसे धाडस केले नाही. प्रमाण भाड्यासाठी १९४० ऐवजी सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे अधिक पाच टक्के असा आधार धरला आणि वर्षाला चार टक्के वाढ दिली. शंभर रुपयांचे भाडे दरवर्षी चक्रवाढीने चार टक्के वाढत गेले तरी पंचवीस वर्षांनी सुमारे २६७ रुपये होते. तेवढ्यात त्या इमारतीचा नळही बदलून होत नाही. जुन्या भाडेकरूची बाजू घेणाऱ्यांनीही हे मान्य केले पाहिजे, कारण पडलेल्या इमारतीखाली सापडतो तो भाडेकरूच.

आता गाठ कुठे कापली ते. दिल्लीने ती भाड्याच्या आकड्यावर कापली. १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती झाली आणि महिना ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या जागा कायद्याबाहेर गेल्या. तेव्हा तो आकडा बड्या घरांचा होता. आज दिल्लीत नव्याने घेतलेली बरी खोलीही त्यापलीकडे जाते, म्हणजे नवा भाडेकरू जवळजवळ सगळाच्या सगळा कायद्याबाहेर, आणि चांदणी चौकातला किंवा कॅनॉट प्लेसमधला जुना गाळेधारक आत. १९९५ मध्ये संसदेने नवा दिल्ली भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, पण भाड्याच्या दुकानांतल्या व्यापाऱ्यांचा विरोध इतका होता की तो कधी अमलात आणलाच गेला नाही. जुन्या कायद्याच्या आतसुद्धा दिल्ली आणि मुंबई यांत मोठे अंतर आहे. मालक 'मला राहायला घर हवे' म्हणाला की दिल्लीच्या भाडेकरूला पंधरा दिवसांत आधी बचाव करण्याचीच परवानगी मागावी लागते, आणि अडचणींची तुलना तिथे होत नाही. पश्चिम बंगालने १९९७ च्या कायद्यात भाड्याच्या आकड्याबरोबर पिढीवरही कात्री चालवली. मूळ भाडेकरू वारला की कुटुंबातल्या वारसांचा हक्क साधारण पाच वर्षांपुरता; पती किंवा पत्नीला त्याहून जास्त आधार. मुंबईत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो आणि त्याला अशी मुदत नाही. म्हणून कोलकात्यात जुनी भाडेदारी माणसाबरोबर विरते आणि मुंबईत ती घराण्यात टिकते.

महाराष्ट्राने ना आकडा धरला, ना पिढी. त्याने कागदाचे नाव धरले. 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द आज घराघरांत आहे, पण त्याचा कायद्यातला अर्थ फार थोड्यांनी नीट वाचलेला असतो. भाडेपट्ट्यात मालक जागेतला हक्क देतो. लायसन्समध्ये तो केवळ वापरायची परवानगी देतो. एखाद्याला आपल्या अंगणात गाडी लावू देणे आणि कुटुंबाला तीन वर्षे घर देणे, दोन्ही या चौकटीत एकाच जातीची. मालकांनी जुन्या भाडे कायद्यातून सुटका म्हणून हा मार्ग काढला, तेव्हा १९७३ मध्ये विधिमंडळाने एक जबर पाऊल उचलले : १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर निदान एक खोली ताब्यात असलेला माणूस त्या दिवसापासून भाडेकरू मानला जाईल. आदल्या दिवशीपर्यंत ज्याच्या हातात केवळ परवानगी होती, त्याला अख्ख्या भाडे कायद्याचे कवच मिळाले. त्या हजारो कुटुंबांना न्याय मिळाला हे खरेच. पण मालकांनी त्यातून जो धडा घेतला तो पुढे पन्नास वर्षे शहराला भोवला. भाड्याने दिलेले घर परत मिळेल याची खात्री नाही, तर कुलूप लावून ठेवलेले बरे. सरकारला मग उलट दिशेने जावे लागले, आणि त्याचा शेवट १९९९ च्या अधिनियमातल्या कलम २४ मध्ये झाला.

हे कलम जवळून पाहण्यासारखे आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत करायची. नाही केली तर मालकाने न्यायालयात जायची गरज नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. राहणाऱ्याला समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर मालकाचे म्हणणे खरे धरले जाते. मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याला दुप्पट रक्कम. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लेखी करारात जे लिहिले आहे ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. प्रत्यक्षात आपण भाडेकरू म्हणूनच राहत होतो, हे सांगायची वाटच उरत नाही. आता असा एखादा करार उघडून बघा. सुरुवातीच्या पानांवर 'लायसन्सधारक कोणताही भाडेहक्क सांगणार नाही' हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत दोन-तीनदा येते. जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच आहे असे लिहिलेले असते, जणू आत राहणारे कुटुंब कायद्याला दिसतच नाही. मुदत अकरा महिने किंवा तीन वर्षे. साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर पाव टक्का. डिपॉझिटचा आकडा मोकळा, कारण या अधिनियमात डिपॉझिटला कमाल मर्यादाच नाही. ते परत किती दिवसांत द्यायचे आणि रंगरंगोटीच्या नावाखाली किती कापायचे, हे बहुधा मालकाच्या मर्जीवर. थोडक्यात, मुंबईतल्या एकाच जिन्यावर पहिल्या मजल्यावरच्या पागडीवाल्याला तीन पिढ्या कोणी हलवू शकत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लायसन्सवाल्याला अकराव्या महिन्याच्या शेवटी 'का' असे विचारायचीही सोय नाही. दोघेही दरमहा पैसे भरून दुसऱ्याच्या घरात राहतात. फरक एवढाच की एकाचे आजोबा वेळेवर आले.

महाराष्ट्राला एका बाबतीत श्रेय द्यायला हवे. देशभर अकरा महिन्यांचे करार होतात ते १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे : एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी. दिल्लीत आणि उत्तरेत असे कित्येक करार साध्या मुद्रांक कागदावर, नोंदणीवाचून होतात आणि वाद झाला की भाडेकरूच्या हाती कच्चा कागद उरतो. महाराष्ट्रात कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे ठरवले, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली, आणि ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. त्याहून मोलाची तरतूद पुढची : नोंदणीकृत करार नसेल तर ज्या अटींवर घर घेतले त्याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरायचे, उलट सिद्ध करायचे ते मालकाने. वीज-पाणी तोडायला बंदी आहे ती निराळीच. म्हणजे कागद पक्का ठेवण्यात हे राज्य पुढे आहे. कागदात काय असावे, याबाबत मात्र त्याने लायसन्सवाल्याला वाऱ्यावर सोडले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अर्थशास्त्राचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. भाडेकरूला संरक्षण दिले की मालक घरे काढून घेतात, असे तो म्हणतो. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने आकडे दिले होते : भारतीय शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली, एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या घरात. भाडे नियंत्रणाचा यात हात आहे हे मला मान्य आहे. पण मुंबईची मोजणी झाली तेव्हा कलम २४ लागू होऊन अकरा वर्षे झाली होती. नव्या लायसन्सला भाड्याची मर्यादा नव्हती, घर परत मिळवायला झटपट मार्ग होता, तरीही लाखो कुलपे उघडली नाहीत. कारण त्या कुलपांमागे भाडेकरूची भीती हे एकच कारण नव्हते. घराची किंमत अफाट आणि तिच्या मानाने वर्षाचे भाडे दोन-तीन टक्के, तेव्हा गुंतवणुकीसाठी घेतलेले घर बंद ठेवणे अनेकांना परवडते. शिवाय मालकाला नेमके कशाने घाबरवले, तेही तपासले पाहिजे. गोठलेले भाडे, एका रात्रीत बदललेला हक्क आणि पिढीभर चाललेले दावे, यांनी घाबरवले. 'घर सोडा म्हणताना कारण सांगा' एवढीच अट जिथे आहे तिथे भाड्याची घरे नाहीशी होतात का? जर्मनीचा दाखला याच्या विरुद्ध आहे. तिथे भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो. मालकाला तो संपवायला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या गरजेसारखे ग्राह्य कारण द्यावे लागते, आणि भाडेकरू जितकी जास्त वर्षे राहिला तितकी नोटीस लांब होते, तीन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने आपल्या पैशापासून वेगळे ठेवायचे असते. तरी त्या देशात निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात. बर्लिनमध्ये घरांची टंचाई आहे, नवी भाडी कडाडली आहेत, हे सगळे खरे. पण कारणाची अट असल्यामुळे मालकांनी धंदा सोडला, असे तिथला इतिहास सांगत नाही.

दुसरा आक्षेप असा की लायसन्स घेणारा सज्ञान असतो, सही करतो, त्याला मुदत ठाऊक असते, मग कायद्याने मध्ये का पडावे. शब्दशः हे बरोबर आहे. पण नोकरी लागलेल्या गावात आठवड्याच्या आत घर शोधणाऱ्याच्या हातात वाटाघाटीला काय असते? दलालाने दाखवलेल्या चार घरांपैकी एक सोसायटी अविवाहितांना नाही म्हणते, दुसरी मांसाहारावर अडते, तिसरीकडे आडनाव ऐकून फोन येत नाही. उरलेल्या घराचा करार आधीच छापलेला असतो. दर अकरा महिन्यांनी ब्रोकरेज, सामान हलवायचा खर्च, शाळा बदलायची धास्ती हे सगळे भाडेकरूच्या बाजूला आणि मालकाच्या बाजूला फार तर एक रिकामा महिना. कराराचे स्वातंत्र्य दोघांना कागदावर सारखे असते, घर बदलण्याची किंमत सारखी नसते. कामगार कायदे याच कारणाने झाले, ग्राहक कायदाही. राहत्या घराला तेवढाच न्याय का नको, याचे उत्तर मला आजवरच्या चर्चेत सापडलेले नाही.

तिसरे मत आक्षेपापेक्षा उपाय म्हणून पुढे येते : सगळ्या देशाला एकच भाडे कायदा करा, हा गोंधळच संपेल. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली आणि तो राज्यांकडे पाठवला. त्यात काही गोष्टी चांगल्या आहेत. घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते, मालकाला आत यायचे तर चोवीस तास आधी सूचना, वादासाठी वेगळे भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच त्या धर्तीवर कायदा केला आणि स्वतःची भर घातली. चालू भाडेकरूचे भाडे घरासाठी वर्षाला पाच टक्के आणि इतर जागांसाठी सात टक्क्यांहून वाढवता येणार नाही. तामिळनाडूचा २०१७ चा कायदा त्याच्याही आधीचा, तिथे दुसरे काही ठरले नसेल तर डिपॉझिट तीन महिन्यांपुरते. पण या आदर्श मसुद्याने कलम २४ चाच विचार देशभर नेला आहे. मुदत संपली की जा. राहिलात तर पहिले दोन महिने दुप्पट, पुढे चौपट. मुदतीच्या आत भाडेकरू सुरक्षित, मुदतीच्या टोकाला निराधार. असा मसुदा सगळीकडे एकसारखा लागू झाला तर फरक मिटेल, उणीव मात्र सगळ्यांची समान होईल. आणि काही प्रादेशिक फरक मिटूही नयेत. गोव्यात १९६८ चा इमारत भाडे कायदा आहे आणि शिवाय १९७५ चा मुंडकार कायदा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्या मुंडकाराला त्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. घराचे भाडे भरणारा या व्याख्येत बसतच नाही. हे नाते गोव्याच्या जमिनीतून आले आहे. दिल्लीत बसून लिहिलेल्या मसुद्यात त्याला खण सापडला नसता. एकच कायदा असूनही पेच सुटत नाहीत, हे बर्लिनने दाखवले. राज्याचाही दर्जा असलेल्या या शहराने २०२० मध्ये भाडी गोठवणारा स्वतःचा कायदा केला आणि २०२१ मध्ये जर्मनीच्या संविधान न्यायालयाने तो रद्द केला, कारण भाड्याचा विषय केंद्राने आधीच हाताळला होता आणि राज्याला त्यात वाव उरला नव्हता.

महाराष्ट्राला जे करायचे ते आपल्याच अधिनियमात करता येईल. सक्षम प्राधिकारी राहू द्या, तीस दिवसांची मुदत राहू द्या, मालकाला झटपट निकालही मिळू द्या. फक्त लायसन्स संपताना राहणाऱ्याला पुढे राहायचे असेल, तर मालकाने अर्जात कारण लिहावे : स्वतःची गरज, विक्री, मोठी दुरुस्ती, थकबाकी, त्रास. खरे कारण असलेल्या मालकाचे यात काहीच जात नाही, प्राधिकारी तेवढे तपासून आदेश देईल. कोणी म्हणेल, मालक कारण न सांगता भाडेच दुप्पट करील आणि भाडेकरू आपोआप जाईल. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी आधी वेगळे काढलेले दोन प्रश्न एका ठिकाणी पुन्हा जोडावे लागतात. नवा माणूस ठेवताना भाडे बाजाराने ठरवावे. आत राहत असलेल्याच्या बाबतीत मात्र वार्षिक वाढीला काही माप हवे. उत्तर प्रदेशाचे पाच टक्के इथे थोडे होतील कदाचित, महागाईशी जोडलेला दर जास्त रास्त ठरेल. १९४० च्या गोठवणुकीशी याचा संबंध नाही, कारण सुरुवातीचा आकडा बाजाराचाच असतो आणि तो दरवर्षी हलतो. डिपॉझिटचा प्रश्न तर याहून सोपा. करार आज ऑनलाइन नोंदवला जातो, त्यात डिपॉझिटचा आकडा भरावाच लागतो, कारण मुद्रांक शुल्क काढताना त्यावरचे मानीव व्याज धरले जाते. म्हणजे कोणाकडे किती डिपॉझिट अडकले आहे, याची नोंद सरकारच्या संगणकात आधीच आहे. त्याच अर्जात परतीची तारीख आणि कपातीच्या बाबी हे दोन रकाने वाढवायचे, आणि तारीख उलटली की भाडेकरूलाही त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू द्यायचा. आज त्या दारातून कलम २४ खाली फक्त मालकाला आत जाता येते.